टब नाही, दीड-दोन तास आहेत: घरच्या घरी शिणवटा कसा उतरवायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीत वन बीएचके, नोकरी, घरी सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा. शनिवारी रात्री ‘स्पा नाइट’ करायची ठरवून तुम्ही चेहऱ्याला वाफ, लिंबू-साखरेचा स्क्रब, मुलतानी मातीचा लेप, केसांना मास्क, गरम पाण्यात पाय आणि मेणबत्त्या असं सगळं केलं. आवरता आवरता साडेअकरा वाजले, चेहरा लाल होऊन चुरचुरत राहिला आणि एक वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. टब नसताना हे घरी नीट जमतं का आणि त्यासाठी काय काय आणावं, असं तुम्ही विचारलं आहे.

जमतं, आणि टबाची गरज नाही. पण काय आणायचं यापेक्षा काय सोडायचं हे आधी ठरवा. तुमच्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीला कालवणं, लावणं, वाळू देणं, धुणं, भांडी आवरणं आलं. आठवडाभर दमलेल्या अंगावर रात्री नऊनंतर तुम्ही आणखी दोन तासांचं काम चढवलंत. मग झोप लांबली यात नवल नाही. अंग सैल करणाऱ्या गोष्टी मुळात तीनच: ऊब, संथ हात आणि मध्ये कुणी हाक न मारणं. हे तिन्ही साधलं तर बाकीचं नसलं तरी चालतं.

त्याआधी प्रकृतीचं बोलते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ताप असेल, नुकतंच जेवण झालं असेल किंवा अंगावर उघडी जखम, गळू, नागीण असेल तर त्या दिवशी तेल लावू नका. गरोदरपणात पाणी कोमटच हवं, कडक नको. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर गरम पाण्यानंतर झटकन उभं राहू नका, घेरी येते. मधुमेह असेल आणि पायांची संवेदना कमी झाली असेल तर गरम पाण्यात पाय बुडवायचेच नाहीत, कारण भाजलेलं कळत नाही. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर ती चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. यातलं काही नसेल तर पुढे वाचा.

वेळेचा हिशेब उलटा मांडा. गरम पाण्याने हातापायांच्या त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. अंघोळ करून बाहेर आलं की त्यांच्याच वाटे शरीरातली उष्णता बाहेर पडते आणि आतलं तापमान हळूहळू उतरतं. झोप यायला हे उतरणंच लागतं. २०१९ साली टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासून सांगितलं की ४० ते ४२.५ अंश सेल्सिअसच्या पाण्याने, झोपण्याआधी एक ते दोन तास, अगदी दहा मिनिटं अंघोळ केली तरी झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते. तुम्ही अकराच्या पुढे गरम पाणी आणि वाफ घेऊन लगेच आडव्या झालात, म्हणजे अंग तापलेलं असताना. साडेदहाला झोपायचं असेल तर अंघोळ नऊच्या सुमारास हवी, तेल सव्वाआठ-साडेआठला आणि जेवण सातच्या आत. जेवण हलकं असू द्या, मुगाची खिचडी किंवा भाकरी-भाजी. भरल्या पोटी मालिश करून घेतलं की मळमळतं.

आता तेल. साधं तिळाचं तेल घ्या, कच्च्या तिळाचं, फिकट पिवळं. परदेशात राहणाऱ्यांची इथे हमखास चूक होते: चिनी स्वयंपाकासाठी मिळणारं गडद तपकिरी तेल भाजलेल्या तिळाचं असतं आणि त्याचा वास दोन दिवस अंगाला येत राहतो. तुमच्याकडच्या दमट उन्हाळ्यात तिळाचं तेल जड वाटलं तर खोबरेल वापरा. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणून थंडीत वितळवून घ्यावं लागतं. साऱ्या अंगाला ४० ते ५० मिली तेल पुरतं, म्हणजे आमटीची छोटी वाटी अर्धी-पाऊण. वाटी थेट गॅसवर ठेवू नका. तेल कडेने तापतं आणि मध्ये कोमट लागतं, मग बोट फसतं आणि खांदा भाजतो. पातेलीत गरम पाणी घेऊन त्यात वाटी पाच मिनिटं ठेवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. सुखाचं लागलं पाहिजे, चटका नको.

सुगंधी तेल हवंच असेल तर ३० मिली तेलात लॅव्हेंडरचे सहा थेंब, म्हणजे सुमारे एक टक्का, बस झाले. ते नुसतं त्वचेवर लावू नका आणि बादलीतही टाकू नका. पाण्यात ते मिसळत नाही, वर तरंगतं आणि जिथे चिकटेल तिथे आग होते. घरात लहान मूल आहे तेव्हा कापूर आणि निलगिरी दोन्ही दूरच ठेवा. थोडासा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात.

तेल लावताना बहुतेक जणी पोळ्या लाटल्याच्या वेगाने हात चालवतात. घाईच्या हाताने तेल लागतं, अंग सैल होत नाही. त्वचेत अगदी हळू स्पर्शालाच नीट प्रतिसाद देणारे मज्जातंतू असतात, सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर एवढ्याच वेगाला. म्हणून असं करा: डाव्या मनगटावर उजवा तळहात पसरून ठेवा, बोटं मिटलेली, तळवा पूर्ण टेकलेला. आता कोपरापर्यंत जायला सात सेकंद लावा. मनात सावकाश सात मोजा. पहिल्यांदा फार हळू वाटेल, तिसऱ्या फेरीला श्वास आपोआप लांबतो. वर जाताना किंचित दाब, परत येताना नुसता स्पर्श. कोपर, खांदा, गुडघा, घोटा या सांध्यांवर गोल फिरवा, लांब हाडांवर सरळ. पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, हलकेच. एका अवयवाला पाच ते सात फेऱ्या पुरतात आणि सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं होतात.

दिवसभर कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांचा सगळा ताण मान आणि खांद्याच्या मधल्या उंचवट्यात साठतो. तिथे चोळत बसू नका, तो भाग आणखी आखडतो. दुसऱ्या हाताची तीन बोटं गाठीवर ठेवा, सोसेल एवढा दाब द्या आणि वीस-तीस सेकंद तसाच धरा. गाठ बोटाखाली मऊ होताना कळते, मग सोडा. मानेच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी लागते, तिथे कधीच दाबायचं नाही. पाठीला हात पोचत नसेल तर मोज्यात टेनिसचा चेंडू घाला, तेल लावायच्या आधी भिंतीला टेकून उभ्या राहा आणि चेंडू खांद्याच्या पात्याखाली धरून हळूहळू वरखाली व्हा. मणक्यावर चेंडू येऊ देऊ नका, त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा.

कानात तेल ओतू नका. कानाची पाळी आणि कानामागची जागा चोळली की पुरे, तेवढ्यानेही जबडा सैल पडतो. आणि तळपायाला अंघोळीआधी तेल लावायचं नाही. ओल्या फरशीवर तेलकट पाय म्हणजे हाड मोडायला निमंत्रण. पाय शेवटी, अंघोळीनंतर.

तेल अंगावर दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. जुन्या चादरीवर किंवा पाटावर बसून राहा, अंगावर जुना गाऊन असला की उठबस करायची वेळ आली तरी अडचण होत नाही.

उटणं स्क्रबच्या जागी आहे आणि ते पुरेसं आहे. दिवाळीत नरक चतुर्दशीला आपण लावतो तेच. वर्षातून एकदाच लावायचं असा काही नियम नाही. घरी करायचं तर मसूर डाळीचं बारीक पीठ १०० ग्रॅम, नागरमोथा, वाळा आणि कचोरा यांची पूड प्रत्येकी २५ ग्रॅम, आंबेहळद १० ग्रॅम. सगळं वस्त्रगाळ करा. ही पायरी कंटाळून सोडली की वाळ्याचे तंतू राहतात आणि अंगावर बारीक ओरखडे उठतात. तयार पाकीट आणलं तर घटक वाचा. बावची असेल तर दुसऱ्या दिवशी उन्हात जायचं असताना ते लावू नका. बावचीने त्वचा उन्हाला हळवी होते, कधी फोडही येतात. एका वेळेला तीन मोठे चमचे उटणं घ्या आणि दुधात किंवा पाण्यात श्रीखंडापेक्षा पातळ, ताकापेक्षा दाट कालवा. तेलावर लावा, घासायचं नाही, फक्त फिरवायचं. पीठ तेल ओढून घेतं आणि त्याच्या वळ्या होऊन सुटायला लागल्या की ते झालं, असं समजा. वर साबण लावला तर जे कमावलं ते धुऊन जातं, त्यामुळे साबण काखा-जांघांपुरताच. नवीन उटणं आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघा.

पाण्याचं प्रमाण अंदाजावर सोडू नका. नळाचं पाणी २५ अंश असेल तर चार भाग नळाचं आणि एक भाग उकळतं मिळून ४० अंश होतं. डिसेंबर-जानेवारीत नळाचं पाणी २० अंशांपर्यंत उतरलं तर तीनास एक. गीझरचं पाणी ६० अंशांच्या आसपास असेल तर तीन भाग गरम, चार भाग नळाचं. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. उलट केलं आणि तेवढ्यात मुलाने हात घातला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणूनच घरात छोटं मूल असताना उकळत्या पाण्याचं पातेलं स्वयंपाकघरातून न्हाणीघरापर्यंत नेण्यापेक्षा गीझरच बरा. रॉड वापरत असाल तर बटण बंद करून, प्लग काढून, मगच पाण्यात हात.

आणि हे मात्र काळजीपूर्वक वाचा. तुमच्याकडे गॅस गीझर असेल आणि तो न्हाणीघराच्या आत बसवलेला असेल तर खिडकी बंद करून, वाफ कोंडून अंघोळ करू नका. जळताना गीझर खोलीतला प्राणवायू वापरतो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, हातपाय गळतात, आणि माणसाला वाटतं की मस्त गुंगी आली आहे. बंद न्हाणीघरात माणसं अशीच दगावतात. दार बंद करण्याआधी बादल्या भरा, गीझर बंद करा, खिडकी उघडी ठेवा. मेणबत्त्याही छोट्या बंद न्हाणीघरात नकोत, बाहेरचा दिवा मंद केला तरी तेच साधतं.

बादलीच्या अंघोळीची खरी अडचण अशी की दोन मगांच्या मध्ये अंग गार पडतं आणि स्नायू पुन्हा आवळतात. त्यावर उपाय आहेत. अंघोळीआधी दोन तांबे गरम पाणी फरशीवर आणि समोरच्या भिंतीवर मारा, खोली उबदार होते. स्टुलावर किंवा पाटावर बसा. पाय एका घमेल्यात किंवा पसरट टबात, घोट्याच्या वर येईल एवढ्या गरम पाण्यात ठेवा. पाय उबेत असले की वरचं अंग फारसं गार लागत नाही. मगाऐवजी तांब्या घ्या. मगाने पाणी बदकन पडतं आणि संपतं, तांब्याच्या तोंडातून धार बारीक आणि लांब पडते. ती मानेच्या मागे धरा, पाणी दोन्ही खांद्यांवरून पाठीवर उतरू द्या, तांब्या रिकामा व्हायला दहा-बारा सेकंद लागले पाहिजेत. दोन बादल्यांत दहा-बारा मिनिटं आरामात निघतात. डोंबिवलीत पाण्याच्या वेळा बघून बादल्या संध्याकाळीच भरून ठेवा. पायांच्या पाण्यात मीठ घातलंत तर दोन चमचे खडे मीठ घाला, बरं वाटतं, पण शीण ओढून घेणारं त्यात काही नाही. काम उबेचं आहे.

आता तुमच्या चेहऱ्याचं. तो लाल झाला याला तीन कारणं एकामागे एक लागली. वाफेने त्वचा मऊ पडली, मग साखरेच्या धारदार कणांनी ती खरवडली गेली, त्यात लिंबू, ज्याचा आंबटपणा त्वचेला सोसण्याच्या पलीकडचा, आणि शेवटी मुलतानी माती पूर्ण वाळून तडकेपर्यंत ठेवली. माती तडकते तेव्हा ती त्वचेतला ओलावा ओढत असते. सध्या आठवडाभर चेहऱ्याला कोमट पाणी आणि साधं मॉइश्चरायझर एवढंच. त्यानंतर माती लावायची तर दोन चमचे गुलाबपाण्यात, कोरडी त्वचा असेल तर दुधात कालवून, कडा वाळायला लागल्या की सात-आठ मिनिटांत धुऊन टाका. वाफ आणि माती एका रात्री नको. वाफ घेतलीच तर भांडं टेबलावर, मांडीवर कधीच नाही, चेहरा हातभर दूर, पाच मिनिटं. पुटकुळ्या येत असतील तर चेहऱ्याला खोबरेल लावू नका.

केसांचा मास्क मी तुमच्या जागी पूर्ण वगळेन. शनिवारी रात्री ओले केस घेऊन झोपायचं किंवा ड्रायर लावायचा, दोन्हीने आराम मोडतो. डोक्याला दोन चमचे कोमट तेल, बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, टाळू कवटीवर सरकेल असं हलवा, पाच मिनिटं. केस रविवारी सकाळी धुवा. मात्र कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नका. कोंड्याशी संबंध असलेली बुरशी तेलावरच वाढते. कोंडा असलेल्यांनी सकाळी धुण्याआधी तासभर लावावं.

अंघोळीनंतर अंग टिपून घ्या, पुसू नका. सुती पंचा टर्किशपेक्षा बरा, तेलाचा पातळ थर अंगावर राहतो. मग पाय. घरात काशाची वाटी असेल तर पाव चमचा तूप तळपायाला लावा आणि वाटीची पाठ टाचेपासून बोटांपर्यंत, मग चवड्यावर गोल, एका पायाला सात-आठ मिनिटं फिरवा. जरा वेळाने तळवा काळपट राखाडी होईल. ‘अंगातली उष्णता निघाली’ असं घरोघरी सांगतात. प्रत्यक्षात कासं म्हणजे तांबं आणि कथील. तूप, घाम आणि घासणं यांच्या संयोगाने त्या धातूचा अंश निघून तो रंग येतो. वाटी गुळगुळीत, गार आणि वजनदार असते आणि तळपायाला भरपूर मज्जातंतू असतात, सुख त्यामुळे वाटतं. काळं जास्त आलं की गुण जास्त, असं समजून घासत बसू नका. ओल्या फडक्याने पाय पुसा, मोजे घाला, तेव्हाच उठा.

आता घरचं. हे सगळं मध्ये दोनदा दार वाजलं की वाया जातं, म्हणून ते आधी ठरवून घ्या. मुलाला जेवू घालून आठला झोपवलं जात असेल तर वेळ त्यानंतरची. नसेल तर नवरा किंवा सासूबाई सव्वाआठ ते साडेनऊ त्याच्याकडे बघतील असं दुपारीच बोलून ठेवा, ऐनवेळी नको. सासूबाईंना विचारा, पाठीला तेल लावून द्याल का. त्यांच्या पिढीला अभ्यंग नवीन नाही, आणि तुम्हीही त्यांच्या पोटऱ्यांना लावून द्या, वर सांगितलेली पोटरीची खबरदारी बघून. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. वेळ बघायला भिंतीवरचं घड्याळ आहे.

आवरायचं कमीत कमी. पीठ आणि तेल मिळून मोरीची जाळी तुंबते, म्हणून जाळीवर जुन्या ओढणीचा तुकडा टाका आणि शेवटी दोन तांबे गरम पाणी सोडा. फरशीवर कपडे धुण्याची पावडर टाकून ब्रश मारा, नाहीतर सकाळी पहिला जाणारा माणूस घसरेल. तेलकट पंचा आणि गाऊन वेगळे, गरम पाण्यात तासभर भिजवून धुवा. परदेशात ड्रायर वापरणाऱ्यांनी तेल पूर्ण न निघालेले टॉवेल वाळवून गरमगरम ढिगात ठेवू नयेत, ते आतून तापून पेट घेऊ शकतात.

येत्या शनिवारी एवढंच करा: तेल, दोन बादल्या पाणी, पाय. उटणं त्याच्या पुढच्या शनिवारी. तोवर चेहऱ्याची आगही शमलेली असेल, आणि कचोरा-वाळा आणून वस्त्रगाळ करायला तुम्हाला आठवडा मिळेल.